ऑफिस सुटल्यानंतरची रात्रपाळी

माणसे घरी गेली तरी चालू राहिलेले संगणक रात्रभरात स्वतःची तपासणी करू शकतात. वेळ ठरवून द्यायला दहा मिनिटे पुरतात. पण ती तपासणी खरोखर झाली का, हे सकाळी कोण पाहतो?

संध्याकाळचे सात वाजून गेलेले असतात. शिपाई खिडक्या लावतो, पंखे आणि दिवे बंद करतो, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतो. कुलूप लागते. ऑफिस झोपले असे आपल्याला वाटते. पण अंधारात नीट पाहिले तर टेबलाटेबलाखाली छोटे हिरवे-निळे दिवे लुकलुकत असतात. कुणी सकाळी लवकर सुरू व्हावा म्हणून संगणक चालू ठेवलेला असतो, कुणाची अर्धवट फाइल उघडी असते, तर कुणी चक्क विसरून गेलेले असते.

संध्याकाळी सात ते सकाळी नऊ म्हणजे चौदा तास. दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ ही यंत्रे कुणीही न पाहता चालू असतात. या चौदा तासांत त्यांच्याकडून काही उपयोगाचे काम करून घेता येईल का? करून घेता येते. विषाणूंची झडती, डिस्कची प्रकृती, नव्या दुरुस्त्या, दिवसभराच्या कामाची दुसरी प्रत, ही सारी कामे दिवसा केली तर संगणक रडतखडत चालतो आणि कर्मचारी वैतागतात. रात्री मात्र ती बिनबोभाट होतात. चार्टर्ड अकौंटंटची कचेरी असो, पतसंस्था असो, शाळेचे कार्यालय असो की डॉक्टरांचा दवाखाना, ही सोय सगळ्यांना सारखीच उपलब्ध आहे, आणि तीही बहुधा वेगळा पैसा न मोजता.

तरीही बहुसंख्य ठिकाणी ती एक तर वापरली जात नाही, किंवा एकदा लावून कायमची विसरली जाते. दुसरा प्रकार पहिल्याहून जास्त धोक्याचा आहे. का, ते पुढे पाहूच.

एका रात्रीत शंभर संगणक गार

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती. माउसने चालणारा ‘आल्टो’ नावाचा संगणक तिथे १९७३ साली तयार झाला. संगणकांना एकमेकांशी जोडणारे ‘इथरनेट’ही तिथेच जन्मले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या आवारात अशी शंभरावर यंत्रे एकाच जाळ्यात जोडलेली होती आणि रात्री ती रिकामी बसून असत. घरी जाताना त्यांच्यावर मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावून जाण्याची पद्धत होती. आज आपण ज्याला ऑफिस सुटल्यानंतरची तपासणी म्हणतो, तिचा हा पूर्वजच!

जॉन शॉक आणि जॉन हप या दोन संशोधकांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रिकामी यंत्रे शोधून त्यांच्यावर आपले तुकडे पसरवणारा आणि जाळ्याची तपासणी वगैरे कामे करून घेणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. एका विज्ञानकादंबरीतल्या कल्पनेवरून त्याला नाव दिले ‘वर्म’, म्हणजे किडा. एका रात्री त्यांनी एक छोटासा किडा काही यंत्रांवर चालू ठेवला आणि ते घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तर इमारतभर संगणक बंद पडलेले! किड्याच्या एका प्रतीत बिघाड झाला होता. तो ज्या यंत्रावर जाई ते यंत्र कोसळे, आणि मग तो नवे यंत्र शोधू लागे. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करावे, तर किडा त्यावर पुन्हा हजर. काही यंत्रे तर कुलूपबंद खोल्यांत होती.

सुदैवाने दोघांनी एक शहाणपण आधीच केले होते. सगळ्या किड्यांना एकदम थांबवणारा एक निरोप त्यांनी तयार ठेवला होता. तो जाळ्यावरून सोडताच सारे शांत झाले. मागे उरले शंभर गार पडलेले संगणक. हा सगळा प्रकार त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मोकळेपणाने सांगितला आहे. त्यातला धडा आजही तितकाच खरा आहे. रात्री माणसामागे जे काम लावून जायचे, त्याला थांबवण्याची सोय आधी हवी.

गजराचे घड्याळ संगणकातच असते

ठरावीक वेळी ठरावीक काम करण्याची व्यवस्था संगणकाला नवी नाही. युनिक्स प्रणालीत ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून हे काम करतो. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने भरायचे आणि शेवटी काय करायचे ते लिहायचे. बस्स! आजही जगातले असंख्य सर्व्हर रात्री याच कोष्टकाप्रमाणे कामाला लागतात.

आपल्याकडील बहुतेक ऑफिसांत विंडोज असते. त्यात ‘टास्क शेड्यूलर’ नावाची सोय आहे. शोधायच्या चौकटीत हे नाव टाकले की ती उघडते. कोणते काम, कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या अटीवर, हे तिथे भरता येते. विंडोज स्वतःची काही देखभालही रात्री उरकते. वेगळी सूचना नसेल तर त्यासाठी पहाटे दोनची वेळ धरलेली असते, आणि त्या वेळी कुणी काम करत असेल तर ती देखभाल थांबून राहते. थोडक्यात, पहारेकरी नेमलेला आहे. त्याला गस्तीचा रस्ता आखून द्यायचे काम तेवढे आपले.

चोर सुट्टीचे दिवस बघतो

‘एवढा खटाटोप कशाला?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर तीन तारखा देतात.

पहिली, ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवार. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुट्टी असते. त्या गुरुवारी ढाक्यातील बांगलादेश बँकेचे ऑफिस सुटल्यानंतर चोरांनी तिच्या संगणकांतून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवण्याचे ३५ आदेश सोडले. एकूण मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची! बँकेत अशा व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. शुक्रवारी सकाळी तो गप्प होता. नेहमीचा बिघाड असेल, असे समजून कर्मचाऱ्यांनी ती गोष्ट दुसऱ्या दिवसावर ढकलली. प्रत्यक्षात चोरांनीच त्याचे तोंड बंद केले होते. शनिवारी खरा प्रकार ध्यानात येईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये सुट्टी लागली होती, आणि सोमवारी फिलिपाइन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. बहुतेक आदेश अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेलेच.

दुसरी तारीख आपल्या पुण्याची. ११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरलेल्या टोळीने एटीएमला मंजुरी देणारी बनावट यंत्रणा मध्येच उभी केली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. सहकारी बँक म्हणजे आपल्याकडे मास्तरांची, पेन्शनरांची, छोट्या दुकानदारांची बँक. म्हणूनच ही बातमी वाचून त्या आठवड्यात कित्येक घरांत पासबुके बाहेर निघाली.

तिसरी तारीख १२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. आणि गंमत म्हणावी की दुर्दैव? ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळजवळ दोन महिने ती लाखो संगणकांवर बसवलीच गेली नव्हती. दोन महिन्यांतल्या साठ रात्रींपैकी एखाद्याच रात्रीचे ते काम होते.

रात्रीच्या तपासणीने पहिल्या दोन चोऱ्या हमखास टळल्या असत्या, असे कुणी म्हणू नये. पोहोचलेल्या टोळ्यांपुढे साधी झडती पुरी पडत नाही. पण गप्प झालेल्या प्रिंटरकडे तातडीने पाहणारे कुणी असणे, आणि दुरुस्त्या वेळेवर बसणे, या दोन गोष्टी प्रत्येक ऑफिसच्या हातात असतात.

रात्रीच्या पाच फेऱ्या

मग रात्री नेमके काय तपासावे? पाच गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, दिवसभराच्या कामाची प्रत, म्हणजे बॅकअप. हे काम सर्वांत आधी, कारण पुढच्या कामांत काही बिघडलेच तर परतायला जागा राहते. प्रती किमान तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर असावी, हा जाणकारांचा जुना नियम आहे. बाहेरची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवू नये. खंडणीखोर विषाणू शिरला तर मूळ फाइलींबरोबर जोडलेली प्रतही कुलूपबंद करतो. दोन डिस्क घ्याव्यात आणि आलटून-पालटून एक कपाटात ठेवावी.

दुसरी, विषाणूंची पूर्ण झडती. दिवसा अँटिव्हायरस येणाऱ्या-जाणाऱ्या फाइलींवर नजर ठेवतोच. पण सगळी डिस्क चाळून काढणारी झडती वेळ घेते. ती आठवड्यातून एका रात्री लावली तरी चालते.

तिसरी, डिस्कची प्रकृती आणि मोकळी जागा. बहुतेक डिस्क स्वतःच्या दुखण्याखुपण्याची नोंद ठेवतात. ती वाचणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. प्रत्येक डिस्क मरण्यापूर्वी सूचना देतेच असे नाही, पण जी देते तिचे ऐकायला काय हरकत आहे? डिस्क भरत आली असेल तर बॅकअप आणि दुरुस्त्या दोन्ही अडतात, तेव्हा मोकळी जागा पाहणेही महत्त्वाचे.

चौथी, नव्या दुरुस्त्या. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्यांचा संच देते. हा शिरस्ता ऑक्टोबर २००३ पासूनचा. आपल्याकडे त्या मंगळवारी रात्री उशिरा येतात. त्यामुळे बुधवारची किंवा गुरुवारची रात्र त्यांच्यासाठी ठरवून ठेवता येते. इथे एक इशारा द्यायला हवा. दुरुस्ती बसल्यावर संगणक अनेकदा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरी जाताना उघडी ठेवलेली, न साठवलेली फाइल त्यात जाते. ‘कालपर्यंत होते हो इथे!’ अशी सकाळची हळहळ टाळायची, तर संगणक चालू ठेवून जा, पण काम साठवून आणि फाइली मिटून जा. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्याकडे अजून ती प्रणाली आहे, त्यांनी हा विषय पुढे ढकलू नये.

पाचवी फेरी घड्याळाची. संगणकाचे घड्याळ चुकले तर सगळे वेळापत्रकच चुकते. जुन्या यंत्रातली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि रात्री दोनचे काम भलत्याच वेळी सुरू होते. शिवाय काही अघटित घडले तर कोणत्या यंत्रावर काय आधी झाले, हे नोंदींतल्या वेळेवरूनच कळते. म्हणूनच केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला आणि नोंदी १८० दिवस जपायला सांगितले. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधनही त्यातच आहे. आता हल्ला शनिवारी रात्री झाला आणि नोंद सोमवारी दुपारी वाचली, तर आपण काय कळवणार?

मेन स्विचचे दुखणे

कागदावर आखलेले वेळापत्रक आपल्या ऑफिसांत फसते ते फार साध्या कारणांनी. सर्वांत मोठे कारण म्हणजे मेन स्विच! ‘शॉर्टसर्किट नको’ म्हणून जाताना सगळ्या मजल्याची वीज बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती चुकीचीही नाही. अशा ठिकाणी पहाटे दोनची तपासणी कधीच होत नाही. यावर दोन उपाय आहेत. जे एक-दोन संगणक रात्री चालू ठेवायचेच आहेत, त्यांची वायरिंग वेगळ्या स्विचवर घ्यावी आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘बंद करू नये’ असे लिहावे. बाकीच्यांसाठी टास्क शेड्यूलरमध्ये ‘चुकलेले काम शक्य तितक्या लवकर करावे’ या अर्थाची एक अट असते. ती आपोआप लागलेली नसते, खूण करून लावावी लागते. मग सकाळी संगणक सुरू झाल्यावर राहून गेलेले काम मार्गी लागते.

दुसरे कारण लॅपटॉप. वीज जोडलेली असेल तरच काम सुरू करावे, अशी अट टास्क शेड्यूलरमध्ये मुळातच असते. लॅपटॉप चालू ठेवला पण चार्जरची पिन काढून ठेवली, की रात्रीचे काम रद्द.

तिसरे कारण पासवर्ड. एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाने आणि पासवर्डने रात्रीचे काम लावलेले असते. तीन महिन्यांनी तो पासवर्ड बदलतो, किंवा नोकरी सोडून जातो आणि त्याचे खाते बंद होते. त्या रात्रीपासून काम थांबते, आणि कुणाला पत्ता नसतो. यासाठी अशा कामांना वेगळे खाते ठेवावे आणि कोणते काम कोणत्या खात्याने चालते, हे लिहून ठेवावे.

चौथे कारण गर्दी. वीस संगणकांनी ठीक दोन वाजता एकाच सर्व्हरवर प्रती पाठवायला सुरुवात केली, तर सगळेच अडखळतात. त्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने उभे करावे. आणि झेरॉक्सचा किडा आठवून प्रत्येक कामाला थांबण्याची मर्यादाही घालावी. विंडोज स्वतःहून तीन दिवसांची मर्यादा धरते. रात्रीच्या कामाला चार तास पुष्कळ झाले. नाही तर रात्री अडकलेली झडती दुसऱ्या दिवशी दुपारीही चालूच राहते, आणि ‘आज मशीन स्लो आहे’ म्हणून सगळे कपाळाला हात लावून बसतात.

पहारेकऱ्यावर पहारा

आता सुरुवातीला म्हटलेल्या दुसऱ्या प्रकाराकडे वळू. लावून विसरलेली तपासणी जास्त धोक्याची का?

‘टॉय स्टोरी २’ हा मुलांचा लाडका चित्रपट १९९९ साली पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षी पिक्सार कंपनीत तो तयार होत असताना कुणाच्या तरी हातून फाइली पुसून टाकणारी आज्ञा भलत्याच जागी दिली गेली. वुडीची टोपी गेली, बूट गेले, मग वुडीच गेला. पाहता पाहता चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग नाहीसा झाला. बॅकअप होते, पण ते नीट चालत नव्हते, आणि ही गोष्ट गरज पडली तेव्हाच कळली. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक चादरींत गुंडाळून, गाडीच्या मागच्या आसनावर पट्ट्याने बांधून अगदी तान्ह्या बाळासारखा ऑफिसात आणला गेला!

दुसरे उदाहरण अलीकडचे. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका थकलेल्या अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरली. मग बॅकअप शोधू लागले. प्रत घेणारा प्रोग्रॅम जुना होता आणि तो कित्येक दिवस रोज नापास होत होता. जिथे प्रती साठायच्या ती जागा रिकामी होती. नापास झाल्याची ईमेल मात्र रोज निघत होती, पण ईमेलव्यवस्था ती संशयास्पद समजून परत लावत होती. रोज रात्री पहारेकरी ओरडत होता, पण त्याची हाक कुणापर्यंत पोहोचतच नव्हती. एका कर्मचाऱ्याने योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या प्रतीवर कंपनीची अब्रू वाचली. कंपनीने हे सारे जगासमोर मान्य केले, हा तिचा मोठेपणा.

पूर्वी गिरण्यांत आणि गोदामांत रखवालदाराच्या गळ्यात एक घड्याळ असे. प्रत्येक कोपऱ्यात साखळीने बांधलेली किल्ली त्यात फिरवावी लागे. सकाळी मालक घड्याळातली पट्टी उघडून पाही. कोणत्या कोपऱ्यात किती वाजता फेरी झाली आणि कोणती चुकली, ते लगेच कळे. संगणकाच्या गस्तीलाही तशीच पट्टी हवी. काही चुकले तरच कळव, अशी व्यवस्था अपुरी आहे. कारण कळवणाराच गार पडला, तर शांतता म्हणजे ‘सर्व ठीक’ असा आपण अर्थ लावतो. म्हणून काम नीट झाले तरी रोज एक ओळीचा निरोप यावा, आणि तो आला नाही की लगेच चौकशी व्हावी.

विंडोजमध्ये हे पाहणे कठीण नाही. टास्क शेड्यूलरच्या यादीत प्रत्येक कामापुढे ते शेवटचे कधी चालले आणि निकाल काय लागला, हे लिहिलेले असते. साधारणपणे शून्य म्हणजे पास. आणि महिन्यातून एकदा प्रतींपैकी कुठलीही एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. लोणच्याची बरणी भरलेली आहे एवढे पुरत नाही, झाकण काढून बुरशी आली नाही ना, तेही पाहावे लागते.

वीजबिल आणि भरवसा

सगळे संगणक रोज रात्रभर चालू ठेवावेत, असे मात्र मुळीच नाही. टेबलावरचा संगणक काही न करता बसला, तरी साधारण ६० वॉट वीज खातो असे धरू. चौदा तासांचे होतात ८४० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटहून थोडे अधिक. दहा संगणक, वर्षातल्या ३०० रात्री, असा हिशेब केला तर आकडा अडीच हजार युनिटांवर जातो! त्यापेक्षा रोज रात्री बॅकअपचा एकच संगणक चालू ठेवावा आणि बाकीच्यांसाठी आठवड्यातली एक रात्र ठरवावी. संगणकाला ‘झोपवून’ ठेवले तर वीज अगदी थोडी लागते, आणि नेमलेल्या वेळी त्याला जागे करण्याची सोयही त्यात असते. मॉनिटर तर प्रत्येकाने बंद करूनच जावे.

चालू संगणक उघडा मात्र ठेवू नये. विंडोजची खूण असलेले बटण आणि ‘एल’ हे अक्षर एकदम दाबले की पडद्यावर कुलूप पडते. एवढे न करता गेलात, तर तुमचे टेबल रात्रभर कुणाच्याही हाती आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. रात्री माझा संगणक तपासतात म्हणजे माझी पत्रे वाचतात का, अशी शंका कर्मचाऱ्यांच्या मनात येते आणि ती रास्त आहे. काय तपासले जाते आणि काय तपासले जात नाही, हे मालकाने एका कागदावर लिहून सर्वांना दाखवावे. तपासणी यंत्राची असावी, माणसाची नव्हे. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे, हेही मालकांनी ध्यानात ठेवावे.

आणि घरी?

हा विषय ऑफिसपुरताच आहे, असे समजू नका. घरातल्या फोनमध्ये आज नातवाची पहिली पावले असतात, आईचा आवाज असतो, लग्नाचे फोटो असतात. बहुतेक फोन त्यांची प्रत रात्रीच घेतात, पण चार्जरला लावलेला असेल, वायफाय मिळत असेल आणि साठवायला जागा असेल तर. यातली एक अट चुकली की प्रत थांबते. फोनच्या सेटिंगमध्ये बॅकअपच्या पानावर शेवटची प्रत कधी घेतली, ती तारीख असते. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ती तारीख पाहा. कुणाच्या तरी फोनवर ती गेल्या वर्षीची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

ऑफिसासाठी मात्र एक साधी वही करा. रकाने चारच. तारीख, प्रत झाली का, झडतीत काही सापडले का, आणि पाहणाऱ्याची सही. ही वही कुणाची, ते नाव घेऊन ठरवा. तो रजेवर असेल तेव्हा कुणाची, तेही ठरवा. सोमवारी सकाळी, चहा येण्याच्या आधी, शनिवार-रविवारचे रकाने भरले गेले पाहिजेत. ज्या दिवशी सहीची जागा कोरी दिसेल, त्या दिवशी कारण विचारा.